'वीस शेळ्या, पाच लाख': एका फॉरवर्डच्या हिशेबाची झडती

गावोगावच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. आकडे थोडे बदलतात, सांगाडा तोच राहतो. मजकूर साधारण असा: "नोकरी सोडा. एक एकर, २० शेळ्या, १ बोकड. वर्षात दोन वेत, प्रत्येक वेताला दोन पिल्ले, म्हणजे ८० पिल्ले. सहा महिन्यांत एक पिल्लू ७,००० ला. उत्पन्न ५,६०,०००. शेळी काहीही खाते, चाऱ्याचा खर्च नाही. शेळीला रोग नाही. ७५ टक्के अनुदान. शेतीचे उत्पन्न, टॅक्स नाही."

पाच लाख साठ हजार हा गुणाकार बरोबर आहे. चुकले आहे ते गुणाकारात घातलेले सगळेच. खालच्या हिशेबातले भाव आम्ही धरलेले आहेत: जिवंत वजनाला किलोला ३५० रुपये, खुराक (पेंड-धान्याचे खाद्य) २८ रुपये किलो, भुसकट ६ रुपये किलो. आपल्या बाजारातले भाव घालून तो पुन्हा मांडावा.

"वर्षात दोन वेत, ८० पिल्ले"

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. व्यायल्यानंतर अंग भरून पुन्हा गाभण राहायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे दोन वेतांत आठ महिन्यांचे अंतर, दोन वर्षांत तीन वेत. तेही सगळे जमले तर. माज (शेळी बोकडाला लावण्याची वेळ) साधारण २१ दिवसांनी येतो आणि दीड दिवसात ओसरतो. बंदिस्त गोठ्यात बोकड वेगळा बांधलेला असेल आणि शेपटी हलवणारी, ओरडणारी, खाणे सोडलेली शेळी सकाळच्या गडबडीत नजरेतून सुटली, की तिचे तीन आठवडे नुसत्या खाण्यात गेले. म्हणून वीस शेळ्यांची वर्षाला ३० नव्हे, २६ वेते धरावीत.

उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे ते खरे, पण पहिलारू शेळी बहुधा एकच करडू देते. सरासरी दीड धरली तर ३९ करडे होतात. १५ टक्के मरतूक वजा केली की उरली ३३. त्यात १६ नर आणि १७ माद्या. दरवर्षी चार म्हाताऱ्या शेळ्या काढाव्या लागतात, त्यांच्या जागी चार पाटी (तरुण माद्या) ठेवायच्या. विकायला उरले १६ बोकड, १३ पाटी आणि ४ म्हाताऱ्या शेळ्या. ८० कुठे आणि हे कुठे!

"सहा महिन्यांत सात हजार"

जन्मताना दोन-अडीच किलो असलेले देशी करडू सहा महिन्यांत बारा किलोच्या आसपास जाते. ३५० च्या भावाने ४,२०० रुपये. नऊ महिने सांभाळून नर १८ किलोचा आणि पाट १५ किलोची केली तर ६,३०० आणि ५,२५० मिळतात. काढलेली शेळी २८ किलो, पण तिला भाव कमी, २५० धरा. अशी विक्री होते १,९७,०५० रुपयांची.

इथे एक गळती असते जी बहुतेकांना दिसतच नाही. व्यापारी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कमरेचा मणका चिमटीत धरतो आणि म्हणतो, "सोळा भरंल." भरतो अठरा. सोळा बोकडांवर प्रत्येकी दोन किलो म्हणजे ११,२०० रुपये त्याच्या चिमटीतून गेले. गोठ्याच्या आढ्याला टांगता काटा लावला, तर पहिल्याच विक्रीत त्याची किंमत वसूल होते.

बकरी ईदला भाव चढतो, पण त्यासाठी बोकड वर्षाचा पुरा झालेला लागतो. शिंग मोडलेला, कान तुटलेला, लंगडणारा चालत नाही. बारा महिने वयाचे आणि पाच महिने गाभणकाळाचे मिळून शेळी ईदेच्या किमान १७ महिने आधी लावावी लागते. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. गेल्या वर्षीचे वेळापत्रक तसेच उचलले की बोकड अकरा महिन्यांचा निघतो.

"शेळी काहीही खाते"

सगळ्यात महाग पडणारे वाक्य हे. शेळी काहीही हुंगते, खाते मात्र निवडून. जमिनीवर टाकलेला चारा एकदा तुडवला, त्यावर लघवी झाली, की ती त्याला तोंड लावत नाही. म्हणून गव्हाण उंच हवी आणि पाय आत टाकता येऊ नये अशी हवी. नेपियर गवताची जाड कांडी अख्खी टाकली तर पाने ओरबाडून कांडी तशीच राहते, म्हणून कुट्टी यंत्र लागतेच.

मोठ्या जनावराला रोज साडेतीन किलो हिरवा चारा धरला, तर २१ जनावरांना वर्षाला २७ टन लागतो. करडांचा नऊ टन वेगळा. बारमाही पाणी असेल तर वीस गुंठे संकरित नेपियर, पाच गुंठे लसूणघास आणि बांधावर शेवरी-सुबाभूळ यांवर हे भागते. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावी. त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकाने केस गळतात, शेळ्या खंगतात. नेपियरची पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी येते. तेव्हा आधी ठोंब लावायचे, मग शेळ्या आणायच्या. लोक नेमके उलटे करतात. आणि विहीर मार्चमध्येच तळ गाठत असेल, तर एप्रिल ते जून ३६ टनांपैकी नऊ टन चारा विकत आणायची तयारी हवी. खालच्या हिशेबात ते धरलेलेच नाही.

सुका चारा रोजी पाऊण किलो म्हणजे ५,७५० किलो भुसकट, ३४,५०० रुपयांचे. खुराक मोठ्यांना सरासरी २०० ग्रॅम, करडांना सहा महिने १०० ग्रॅम, एकूण २,१०० किलो, ५८,८०० रुपये.

"काहीही खाते" या समजुतीने जनावरे मरतातही. लग्नातला उरलेला भात घमेलेभर ओतला की पोटात आम्ल होऊन शेळी दुसऱ्या दिवशी आडवी. पावसाचा ताण बसलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी खाल्ली तर तासाभरातही जाते.

"शेळीला रोग नाही"

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथरोग एकदा शिरला की कळप निम्मा करतो. त्याची लस तीन-चार महिन्यांच्या वयात, पुढे तीन वर्षांनी. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देताना १५ दिवसांनी दुसरा डोस. जंताचे औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. बाजारातून आणलेले जनावर २१ दिवस वेगळे बांधायचे, त्याची बादलीही वेगळी. हा नियम पाळला तर निम्मी संकटे दाराबाहेर राहतात. बाजारात आणखी एक जपा: पिल्लांसकट शेळी घेताना पिल्लू कासेला लावून पाहावे. हुंगून लाथ मारली तर पिल्ले बहुधा दुसरीची आहेत.

खरा नफा-तोटा मात्र करडांच्या पहिल्या तीन दिवसांत ठरतो. नाळ पोटापासून दोन बोटे सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, खाली नव्या ब्लेडने कापायची, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. नुसता बोळा फिरवून भागत नाही. तासाभरात चीक (व्यायल्यानंतरचे पहिले दूध) पोटात गेलाच पाहिजे. वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला दिवसभरात पाव लिटर, तीन-चार वेळा विभागून. "वार पडल्याशिवाय चीक द्यायचा नाही" ही जुनी रीत करडे मारते. जुळ्यांतले दुबळे करडू हाताने कासेला धरावे लागते. पुढे महिना-दोन महिन्यांत ओल्या जमिनीवर रक्ती हगवण आणि पावसाळी गारठ्यात न्यूमोनिया. दोन्हींवर पहिला इलाज कोरडी जमीन हाच. मरतूक १५ वरून ३० टक्क्यांवर गेली तर सहा करडे गेली, म्हणजे पस्तीस हजार.

"७५ टक्के अनुदान, टॅक्स नाही"

राज्याच्या १० शेळ्या १ बोकड योजनेत अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के आणि सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान आहे. ते शासनाने ठरवलेल्या गटाच्या किमतीवर मिळते, आपल्या बिलावर नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातले ५० टक्के १०० शेळ्या अधिक ५ बोकडांच्या गटापासून सुरू होतात. वीसवाला त्यात बसतच नाही. आणि शेळीपालनाचे उत्पन्न आयकराच्या लेखी शेती उत्पन्न नव्हे. पण पुढचा आकडा पाहिल्यावर टॅक्सची काळजी कोणी करणार नाही.

आता बेरीज. भुसकट ३४,५००, खुराक ५८,८००, क्षारमिश्रण ५,०००, लसी-औषधे १०,०००, वीज-पाणी-दुरुस्ती ८,०००, चारापिकाचा खर्च १५,०००, बाजाराची ने-आण ५,०००. खर्च झाला १,३६,३००. विक्रीत लेंडीखताचे ८,००० मिळवले तर हाती राहतात ६८,७५० रुपये. शेळ्या-बोकड, चारशे चौरस फूट शेड, जाळी, कुट्टी यंत्र यांत सव्वातीन ते साडेतीन लाख अडकतात. त्यावर दहा टक्के व्याज ३४,००० आणि शेड-यंत्राची घट १६,००० धरली तर उरतात अठरा-एकोणीस हजार. रोजच्या चार तासांची मजुरी अजून लावलेलीच नाही. शिवाय पहिली विक्री शेळ्या आणल्यापासून पंधरा-सोळा महिन्यांनी होते. तोवर खुराक खिशातून आणि बँकेचा हप्ता सुरू. शेड पहिल्याच वर्षी विकायला निघते ती इथेच.

मग शेळीत पैसा नाही का? आहे, पण मेसेजवाला सांगतो त्या जागी नाही. समजा, दोन एकर जिरायत, तूर-हरभरा-सोयाबीनचे भुसकट घरचे, बांधावर शेवरी, जुना गोठा उभा आणि शेळ्या पाच. बोकड गावातलाच. करडे आठ, एक पाट ठेवून सात विकली, सुमारे ४०,६०० रुपये. एक म्हातारी शेळी ७,०००. खुराक ५१० किलो म्हणजे १४,२८०, औषधे-लसी २,५००, क्षार १,२००. उरले २९,६२०. वीस शेळ्यांत व्याजाआधी शेळीमागे साडेतीन हजारही सुटत नव्हते, इथे सहा हजारांच्या आसपास सुटतात. कारण जे बांधावर वाळून जाणार होते, खळ्यात पेटवले जाणार होते, ते शेळीने खाल्ले. लेंडीखत परत त्याच रानात गेले. सोयाबीनचा भाव पडलेल्या महिन्यात बियाण्याची उधारी न करता दावणीचा बोकड सोडता आला. सहावी, सातवी शेळी वाढवावी की नाही, हे मे महिन्यात भुसकटाचा ढीग किती उरला ते पाहून ठरवावे. ढीग संपलेला असेल, तर पुढच्या शेळीचा चारा ६ रुपये किलोने यायचा आहे.