लाल कोल्हापूर, फिकं बेळगाव: या नकाशात काय सुटलंय?

निपाणी-चिकोडीकडं सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: "हरितगृह वायूंच्या नकाशात कोल्हापूर-इचलकरंजी लालभडक, आपला बेळगाव जिल्हा फिका. त्यांच्या धुरानं आपल्याकडं उष्मा वाढला. आपले साखर कारखाने तर बगॅस (उसाचं चिपाड) जाळतात, म्हणजे आपलं उत्सर्जन शून्य."

नकाशा आधी घेऊ. तो आकाशातून टिपलेला फोटो नव्हे. जळालेलं इंधन, जनावरं, खत यांच्या आकड्यांना गुणक लावून उत्सर्जन काढतात आणि ते चौकोनांत वाटतात. युरोपीय आयोगाच्या 'एडगर' नकाशात चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा. महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातलं कोगनोळी त्यात एकाच चौकोनात पडू शकतात. राज्याची हद्द तिथं दिसतच नाही.

फिकेपणाचं कारण विजेतही आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीची विजेवरची इंडक्शन भट्टी जागेवर कोळसा जाळत नाही. पण ग्रीडमधली कोळशाची वीज येते रायचूरजवळच्या शक्तीनगरहून, विजयपूर जिल्ह्यातल्या २४०० मेगावॉटच्या कुडगीहून. लाल ठिपका तिकडं पडतो, ओतकाम इथं होतं. आणि ही दोन्ही केंद्रं पाणी घेतात ते कृष्णेचंच.

धुरानं उष्मा? कार्बन डायऑक्साइड जगभर मिसळतो आणि शतकानुशतकं टिकतो. तो सोडणाऱ्याच्या शेजाऱ्याला वेगळा तापवत नाही. काजळी, राख, धूळ मात्र जवळपासच त्रास देतात. ती तक्रार रास्त आहे, ती वेगळी आणि ठामपणे करावी.

आता ते 'शून्य'. बगॅसचा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड हिशेबात वेगळा दाखवतात, इतपत बरोबर. पण बॉयलरमधून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजावाच लागतो. पाचट पेटवलं की तेच. उसाला युरिया टाकला की रानातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी, उघड्या तळ्यात साठला तर मिथेन, सुमारे २८ पट. यातलं काहीच चिमणीतून दिसत नाही, म्हणून मेसेजमध्येही नाही. आपल्या ऊसपट्ट्यात सगळ्यात आधी मोजायला हवं ते हेच.

हायवेवर तर एका राज्यात भरलेलं डिझेल दुसऱ्या राज्यात जळतं. पंपावरच्या विक्रीवरून मोजलं तर जिल्ह्याचा आकडा तिथंच फसतो.

म्हणून मागणी एवढीच: हेस्कॉम (आपल्याकडची कर्नाटकातली वीज कंपनी) आणि महावितरणची वीज, तालुकावार युरिया, कारखान्यांचं गाळप आणि इंधन हे सगळं नदीच्या खोऱ्यानुसार एका तक्त्यात यावं. सुरुवात दोन्ही राज्यांतून वाहणाऱ्या हिरण्यकेशी नदीपासून करता येईल: आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर.