भगिनींचा भार हलका कसा करावा

आपल्या धर्मसंस्थेतली महिला संघटना फारच नीट चालली असेल, तर वेळीच सावध व्हा. स्वतःची वर्गणी, स्वतःचं मासिक आणि स्वतःचा हिशेब असलेल्या बायका उद्या सल्लाही देऊ लागतात. यावर रामबाण इलाज अमेरिकेतल्या मॉर्मन चर्च या ख्रिस्ती पंथाने केव्हाच करून ठेवला आहे.

त्यांची महिला संघटना ‘रिलीफ सोसायटी’ १८४२ सालची, संस्थापकांच्या पत्नी एमा स्मिथ पहिल्या अध्यक्षा. १८७६ पासून या बायकांनी शेतात सांडलेली कणसंसुद्धा वेचून गव्हाची कोठारं भरली. अशा वेळी घाई करू नका, भरू द्या. १९१८ मध्ये युद्धासाठी अमेरिकन सरकारला गहू हवा झाला, तेव्हा वरच्या पुरुषांनी २ लाखांहून जास्त बुशेल (धान्याचं अमेरिकन माप) गहू विकण्याचं परस्पर ठरवून टाकलं. मग दिलगिरीही व्यक्त केली. क्रम लक्षात घ्या: आधी विक्री, मागाहून दिलगिरी. उलट केलंत तर चर्चा होते, आणि चर्चेत बायका बोलतात.

इमारतही त्यांनाच बांधू द्या. प्रत्येकीकडून ५ डॉलर मागून त्यांनी सॉल्ट लेक सिटीत ती उभी केली, १९५६ मध्ये. कौतुकाचं भाषण तेवढं तुम्ही करा.

आता मुख्य काम. १९६१ मध्ये चर्चचे वरिष्ठ नेते हॅरल्ड ली यांनी ‘समन्वय’ जाहीर केला: सगळ्या संघटना पौरोहित्याच्या अधिकाराखाली. कारण हाताशी होतंच. चर्च झपाट्याने वाढत होतं आणि जो तो आपापला अभ्यासक्रम छापत होता (हे खरंच होतं, खरं कारण मिळालं तर सोडू नये). अधिकाराचा तक्ता काढायलाही सोपा जातो, कारण तिथे पौरोहित्य अकरा-बारा वर्षांच्या पोराला मिळतं, एकोणतीस वर्षं रिलीफ सोसायटी चालवलेल्या बेल स्पॅफर्डना नाही.

१९७० मध्ये बायकांचा पैसा चर्चच्या मध्यवर्ती तिजोरीत गेला. १९१५ पासूनचं मासिक डिसेंबरच्या अंकानंतर बंद झालं. निधी उभारायची दगदगही संपली. बायकांनी किती म्हणून राबायचं?

शेवटची खुबी वर्गणीची. ती रद्द करा आणि चर्चमधली प्रत्येक प्रौढ बाई आपोआप सभासद, असं जाहीर करा. नाराज बाई वर्गणी थांबवू शकत नाही, कारण वर्गणीच नाही. सभासदसंख्या मात्र वाढते. ती अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा.