‘आम्हाला कोण हॅक करणार?’ म्हणणाऱ्यांसाठी

धंदा करणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: ‘हॅकर छोट्या कंपनीच्या वाटेला जात नाहीत. लॉगिनला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) लावा, रोज बॅकअप घ्या, आणि तरीही हॅकरनी डेटा कुलूपबंद केलाच तर खंडणी देऊन मोकळे व्हा.’ यातली पडताळणी हवीच, बॅकअपही हवाच. पण एवढं केलं की निर्धास्त, हे काही पटत नाही.

आधी छोटेपणाचं बघू. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा व्हायरस सुटला तो युक्रेनमधल्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीच्या अपडेटमधून. हल्लेखोरांना तिच्या तिजोरीशी घेणंदेणं नव्हतं, तिच्या ग्राहकांपर्यंत पोचायचं होतं. त्याच वाटेने तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि तिला सुमारे 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

बॅकअपचा धडाही मर्स्कचाच. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे तिचे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकदम पुसले जातील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि झालं नेमकं तेच. वाचला तो फक्त घानामधला एक, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! नेटवर्कला कायम जोडलेला बॅकअप मूळ डेटाबरोबरच बुडतो. शिवाय 2023 मध्ये मूव्हइट या फायली पाठवायच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरून क्लॉप टोळीने काहीही कुलूपबंद न करता नुसत्या फायली चोरल्या आणि त्या उघड करण्याच्या धमक्या दिल्या. चोरलेली फाइल बॅकअपने परत गुप्त कशी होणार?

दुहेरी पडताळणीचं म्हणाल, तर सप्टेंबर 2022 मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती लागला होता. हल्लेखोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, दर वेळी कर्मचाऱ्याला मंजुरीची विचारणा येत राहिली, आणि अखेर कर्मचाऱ्याने एकदा ‘हो’ दाबलं. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. स्क्रीनवरचा आकडा टाइप करायला लावणारी पद्धत किंवा त्याहून भक्कम अशी सुरक्षा-किल्ली (संगणकाला जोडायचं छोटं उपकरण), यांचा आग्रह धरतात तो यासाठीच.

राहता राहिली खंडणी. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिलांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. (आत शिरायला वापरलेल्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी नव्हती, हेही सांगून टाकतो.) 2.2 कोटी डॉलर दिले गेले. काही आठवड्यांतच रॅन्समहब नावाची दुसरी टोळी त्याच डेटाच्या नावाने पैसे मागत दारात हजर झाली.