‘शेवाळ लागलेले दगड विकले’ या एक स्टारच्या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आम्ही शेवाळ लागलेले दगड दिले, पाच आठवड्यांत तुमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीभर लाल थर चढला आणि आमच्या औषधानं दोन क्लाउनफिश गेले, अशी तुमची तक्रार आहे. माशांच्या बाबतीत चूक आमची, ते आधी कबूल करतो.

तुमचा फोन आला तेव्हा मी दुकानात नव्हतो. काउंटरवरच्या मुलानं एरिथ्रोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध पाठवलं आणि ‘डोस बाटलीवर आहे’ म्हणून मोकळा झाला. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लावायला सांगायचं राहिलं. थर मेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, रात्री तर तो आणखीच कमी पडतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते, ते त्यामुळेच. दोन्ही माशांचे आणि औषधाचे पैसे परत करतो. ती बाटली आता मला विचारल्याशिवाय कुणाला मिळत नाही.

दगडांचं मात्र पटत नाही. समुद्रातून काढलेले ‘जिवंत दगड’, म्हणजे जीव चिकटलेले प्रवाळाचे दगड, आम्ही ठेवतच नाही. कडक प्रवाळाला वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ चं संरक्षण आहे. तुम्ही नेले ते कोरडे होते. आणि हे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे थर करून वाढणारे जिवाणू. झोआच्या (कडक सांगाडा नसलेल्या, प्रवाळासारख्या जिवाच्या) तुकड्यावरून, गोगलगायीच्या शंखावरून, कशावरूनही येतो. आमच्या झोआबरोबर आला नसेल, अशी शपथ मी घेणार नाही. पण नवी टाकी, दगडांवर दुसरे जिवाणू अजून बसलेले नाहीत, वर खत भरपूर. मग तो पसरणारच.

खत म्हणजे फॉस्फेट. तुमच्या टाकीच्या पाण्यात ते ०.२५ निघालं, नायट्रेट शून्य. नायट्रेट नसलं तरी यातल्या काही जातींचं अडत नाही, विरघळलेला नायट्रोजन त्या स्वतःच वापरतात. ‘पाणी आरओचंच घालते’ म्हणालात, पण त्या आरओच्या पाण्याच्या बाटलीत मीटरनं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७४ दाखवला. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओंत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. पिण्याला उत्तम, रीफला म्हणजे प्रवाळांच्या टाकीला नाही. तिथं शून्याच्या आसपास हवं. शिवाय फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाद्य) वितळल्यावरचं पाणी तुम्ही टाकीतच ओतता. ते चहाच्या गाळणीनं गाळून फेका.

तुमच्या व्हिडिओत सकाळी वाळू जवळजवळ पांढरी दिसते आणि संध्याकाळी लाल गालिचा, त्यात अडकलेले बारीक बुडबुडे. संध्याकाळीच बारीक नळीनं ओढून घ्या, तेव्हा तो सलग निघतो. सकाळी हात घातलात तर चुरा होऊन उडतो. पाणी हलवणारा वेव्हमेकर डाव्या कोपऱ्याकडे वळवा, तिथं पाणी हलतच नाही. नंतर तीन दिवस दिवे बंद, एअरस्टोन चालू. झोआ आणि मश्रूम प्रवाळ तेवढं सोसतात. औषध पुन्हा नको. फॉस्फेटही एका दिवसात शून्यावर आणू नका, झोआ मिटून बसतील.

शनिवारी मी स्वतः दुकानात आहे. टाकीचं अर्धा लिटर पाणी आणा, टेस्टचे पैसे घेणार नाही.