तुमची तक्रार बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे (मालवणच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर)

दादा, एक स्टार दिलात, हरकत नाही. तुम्ही लिहिलंय: गणपतीच्या आधी फोनची स्क्रीन बदलली, रात्री ब्राइटनेस कमी केला की हिरवट ढग दिसतात, ओरिजिनल सांगून कॉपी टाकली, आणि "बिघडलेला ट्रान्झिस्टर तेवढा बदला" म्हटल्यावर मालक हसला.

हसलो, ते चुकलं. बिलावर 'कॉपी एमोलेड' लिहिलं होतं, पण आमचा पोरगा काउंटरवर "ओरिजिनलच आसा ओ" म्हणाला हेही खरं. त्याला समज दिली आहे. तिसरी चूक माझी स्वतःची: चाकरमान्यांच्या गर्दीत मी स्क्रीन ट्यूबलाइटखाली, फुल ब्राइटनेसवर बघितली आणि तुमच्या हातात दिली. हा दोष तिथे दिसतच नाही.

का दिसत नाही, ते सांगतो. तुमच्या आधीच्या फोनला एलसीडी होता. त्यात मागे सगळ्यांना मिळून एकच उजेड, पुढे नुसत्या झडपा. ओलेडमध्ये (एमोलेड त्यातलाच प्रकार) प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि किती पेटायचं ते त्यातून जाणाऱ्या करंटवर ठरतं. माडांच्या बागेत प्रत्येक माडाला वेगळा नळ असावा तसं. एक ट्रान्झिस्टर हुकूम आत घेतो, एक इवलासा कपॅसिटर तो पुढच्या फेरीपर्यंत धरून ठेवतो (फेरी म्हणजे चित्र एकदा नव्याने आखणं; साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदात ६० फेऱ्या), आणि दुसरा ट्रान्झिस्टर म्हणजे तो नळ.

आता नळाची चावी थोडी फिरवल्याशिवाय पाणी येत नाही, आणि ही ढिलाई प्रत्येक नळाची थोडी वेगळी. ट्रान्झिस्टरचंही तसंच, त्याला थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणतात. या स्क्रीनमधलं सिलिकॉन लेझरने वितळवून स्फटिक केलेलं असतं, ते सगळीकडे एकसारखं होत नाही. नळ पूर्ण सोडले तर फरक कोणाला कळतो? पण धार बारीक केली की एक माड भिजतो आणि शेजारचा कोरडा. तुम्ही रात्री अंथरुणात ब्राइटनेस खाली आणता तेव्हा हेच होतं. त्यात डोळ्याला हिरवा पटकन जाणवतो.

म्हणून चांगल्या फोनच्या ठिपक्यातल्या एकेका रंगीत दिव्याला दोनवर भागत नाही, बहुधा सात ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक फेरीत आधी त्या नळाची ढिलाई मोजून घ्यायची, मग तेवढी जास्त चावी फिरवायची. एवढं करून उरलेले डाग कारखान्यात कॅमेऱ्याने टिपतात आणि दुरुस्तीचा हिशेब चिपमध्ये भरतात. माझ्या अनुभवात कॉपी पॅनेल स्वस्त पडतं ते या शेवटच्या कामाला कात्री लागल्यामुळेही.

आणि एक ट्रान्झिस्टर बदलण्याचं म्हणाल तर तुमची स्क्रीन १०८० बाय २४०० ची, म्हणजे २५,९२,००० ठिपके. ठिपक्याला दोन दिवे धरले आणि दिव्याला सात ट्रान्झिस्टर, तर साडेतीन कोटींच्या वर जातात. ते सोल्डर केलेले नसतात, पॅनेलवरच थरांनी घडवलेले असतात. माझं हॉट एअर मशीन तिथे काय करणार!

"खाऱ्या हवेने झालं असेल" असं मी तेव्हा म्हणालो होतो, ते मागे घेतो. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवा पडतो, पट्टे येतात, स्क्रीन बंद पडते. हे ढग पहिल्या दिवसापासूनचे आहेत.

तर पॅनेलचे पैसे पूर्ण परत, किंवा कंपनीचं पॅनेल मागवतो, वरचा फरक तेवढा द्या, मजुरी पुन्हा घेणार नाही. सातनंतर या. शटर अर्धं ओढून, राखाडी चित्र लावून, ब्राइटनेस अगदी खाली आणून तुमच्यासमोर बघू.