वारं पडलं म्हणून औषध जागेवर पडत नाही

"वारं पूर्ण पडलं की दिवस उगवायच्या आत फवारा. औषध जिथल्या तिथं पडतं, शेजाऱ्याला त्रास नाही." आमच्या परभणीकडं हा मेसेज पुन्हा फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ला उलटा आहे.

"वारं नाही, म्हणजे औषध हलणार नाही." खरी गफलत इथंच आहे. आभाळ मोकळं असलं की रात्रीतून जमीन गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते, आणि ऊबदार हवा वर राहते. गार हवा जड, ती वर उठत नाही. खालची-वरची हवा घुसळायचीच थांबते. मोठे थेंब पिकावर पडतात, बारीक तुषार त्या गार थरात तरंगत राहतात. १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा शंभरावा भाग) थेंबाला मीटरभर खाली यायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात तो थर उतारानं ओढ्याकडं सरकतो, इतका हळू की अंगाला कळत नाही.

आमच्या शिवारात ऑक्टोबरात एकानं पहाटे उसात २,४-डी हे तणनाशक मारलं. बांधालगतच्या नव्हे, दोन वावरं सोडून खालच्या कपाशीची कोवळी पानं बेडकाच्या पायासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी झाली. "वारं नव्हतंच," तो शपथेवर सांगत होता. खरंच सांगत होता. मला वाईट वाटलं ते दोघांचंही.

"उन्हात औषध उडतं." दुपारपुरतं खरं. तापलेल्या रानातून हवा उसळते, वावटळी उठतात, थेंब वाटेतच सुकतात. पण दिवस उगवून दीड-दोन तास झाले, पानं हलू लागली, वारं ताशी ५ ते १२ किलोमीटर आणि कपाशीकडून उसाकडं असलं, तर तीच वेळ. दिवस मावळताना पुन्हा थर बसू लागतो, तेव्हा नको.

"मोबाइलवर वारा शून्य बघून निघा." तो आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, आपलं नोझल गुडघ्याशी; तिथला शून्य इथली हवा सांगत नाही.

"श्रावणात पहाटेच मारलं, काही झालं नाही." ढगाळ रात्री जमीन फारशी गार होत नाही, म्हणून थर सहसा बसत नाही. पाऊस उघडल्यावर मात्र पंप भरण्याआधी वस्तीवरच्या चुलीचा धूर बघा. कडुलिंबाच्या शेंड्याखालीच आडवा पसरून राहिला असेल, तर तो वर जाऊन विरेपर्यंत थांबा.