‘बेसूर पोरांचं कौतुक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी लांबलचक आणि मन लावून झोडपणारी प्रतिक्रिया हल्ली कोण लिहितं? तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. साठच्या दशकातल्या अमेरिकन गॅरेज रॉकवर, म्हणजे घरच्या गॅरेजात सराव करणाऱ्या हौशी पोरांच्या रांगड्या रॉक संगीतावर, मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं, की धड वाजवताही न येणाऱ्या शाळकरी पोरांना मी डोक्यावर घेतलंय. बेसूरपणाला ‘रांगडा’ म्हटलं की तो लगेच गुण ठरतो. मराठी वाचकाला याचं काय, असंही ते विचारतात. त्यांच्यात दम असता तर नाव झालंच असतं, आणि कुणाला ठाऊक नाही एवढ्याचसाठी तर आम्हाला ते आवडतं. शिवाय हे स्वतः तबला शिकलेले आहेत. वर्षानुवर्षं ठेका घोटलेल्या माणसाला असल्या गोंगाटाची चीड येणारच.

तुम्ही तबलावाले, तर लयीपासूनच सुरुवात करू.

द किंग्जमेन हा ओरेगनमधल्या पोर्टलंडचा बँड. एप्रिल १९६३ मध्ये त्यांनी एका छोट्या स्टुडिओत ‘लुई लुई’ रेकॉर्ड केलं. गाणं मूळचं रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाचं, १९५७ सालचं. खर्च आला साधारण पन्नास डॉलर. माइक छताजवळ टांगलेला, त्यामुळे गायक जॅक इली मान वर करून अक्षरशः ओरडतोय. तीन कॉर्डचा एक तुकडा लेहऱ्यासारखा फिरत राहतो. मध्ये गिटारचा सोलो येतो, आणि तो संपताना इली चुकतो. वेळेआधीच तिसरं कडवं उचलतो, एक-दोन शब्द तोंडातून निघतात, लक्षात येतं, गप्प होतो. त्या क्षणी ड्रमवरचा लिन ईस्टन काय करतो ते नीट ऐका. थांबत नाही, गडबडत नाही, ड्रमचा एक दणदणीत तुकडा टाकतो आणि गायकाला बरोबर जागेवर आणून सोडतो. गाणं पुढे निघून जातं. मैफलीत गवई समेला चुकला आणि तबलजीने सांभाळून घेतलं, तर तुम्ही मान डोलवता ना? इथे तेच घडलंय, आणि विशीच्या आसपासच्या मुलाकडून.

ही चूक काढून पुन्हा रेकॉर्डिंग झालं नाही. पुढे त्याच रेकॉर्डवरून हे गाणं शिकलेल्या कितीतरी बँडांनी ती चूकही जशीच्या तशी उचलली. गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. शब्द नीट कळत नाहीत म्हणजे काहीतरी अश्लील असणार, असा पालकांना संशय आला, आणि एफबीआयने चौकशी लावली. वेगवेगळ्या गतींनी रेकॉर्ड फिरवून ऐकली गेली. निष्कर्ष असा, की कुठल्याही गतीला शब्द कळत नाहीत! (सरकारी खर्चाने झालेलं इतकं प्रामाणिक संगीत-समीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही.)

आता ‘वाजवता येत नव्हतं’ या आरोपाकडे वळतो. काहींना खरंच येत नव्हतं, आणि अशांच्या बहुतेक रेकॉर्डी मीही पुन्हा लावत नाही. पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे द सॉनिक्स घ्या. त्यांचं ‘द विच’ १९६४ चं, आणि पहिला अल्बम १९६५ चा. ही मुलं नाचाच्या हॉलमध्ये वाजवून तयार झालेली. तिथे पाय थिरकले नाहीत तर पुन्हा बोलावणं नाही. बॉब बेनेटचे ड्रम ऐका, हात किती पक्का आहे! लय कुठेही सैल पडत नाही. ड्रमना मिळून माइक एकच, आवाज टेपला झेपेल त्याच्या पलीकडे नेलेला, मीटरचा काटा लाल पट्ट्यात. अशाने आवाज फाटतो हे त्यांना कळत होतं. त्यांना तो फाटलेलाच हवा होता. जेरी रॉझली किंचाळतो तेव्हा सूर निसटत नाही, तो मुद्दाम सुराच्या वर जाऊन आदळतो. गाण्याचे विषयही पाहा. चेटकीण, वेड लागणं, स्ट्रिक्निन हे विष आवडीने पिणं! त्याच वर्षांत बाकीची पोरं बीटल्ससारखे केस वाढवून ‘हात धर’ म्हणत होती.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे. या रेकॉर्डींत ऐकायची गोष्ट आहे ती लयीला लावलेला जोर, आणि हाताशी होतं तेवढ्यातून काय काय निघालं ते. ख्यालाच्या कसोटीवर घासाल तर सगळ्याच नापास होतील. पण त्या कसोटीवर लावणीही नापास करणारे लोक आपल्याकडे होऊन गेलेत, आणि त्यांचं आपण काय ऐकलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

‘दम असता तर नाव झालं असतं’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. त्या काळी नाव कसं व्हायचं ते पाहा. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले, सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी पाहिलं, आणि गावोगावच्या पोरांनी गिटारी घेतल्या. सिअर्स या दुकानसाखळीच्या कॅटलॉगमध्ये सिल्व्हरटोन गिटार मिळायची, तिच्या पेटीतच अँप्लिफायर बसवलेला असायचा. बँड झाला की पैसे जमवून जवळच्या स्टुडिओत दोन गाणी करायची, पाचशे-हजार प्रती काढायच्या, शाळेच्या नाचाला विकायच्या आणि स्थानिक रेडिओच्या निवेदकाच्या हातापाया पडायचं. त्याने लावली तर त्या गावात तुम्ही हिरो. शंभर मैलांवर तुम्हाला कुत्रं ओळखत नाही. पुढे जायला मोठ्या कंपनीने ती रेकॉर्ड उचलावी लागायची, आणि उचलणं हा बऱ्याच अंशी नशिबाचा भाग.

क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्सचं नशीब उघडलं. शेतमजुरीसाठी टेक्सासहून मिशिगनला आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली ही मुलं. ‘९६ टिअर्स’ आधी पा-गो-गो नावाच्या चिमुकल्या स्थानिक लेबलवर (रेकॉर्ड कंपनीतर्फे) निघालं. रेडिओने धरलं, कॅमिओ कंपनीने घेतलं, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्या ऑर्गनच्या टोचऱ्या सुरांत असं काय आहे जे शेजारच्या गावातल्या पाचशे प्रतींच्या रेकॉर्डमध्ये नव्हतं? मी दोन्ही प्रकारच्या रेकॉर्डी ऐकल्यात, मला तरी सांगता येणार नाही.

आणि सगळ्यांना पुढे जायचंही नव्हतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की सैन्यभरतीची टांगती तलवार, व्हिएतनाम पेटलेलं. कॉलेजात असलात तर भरती पुढे ढकलली जायची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे काउंट फाइव्ह ‘सायकॉटिक रिअ‍ॅक्शन’ घेऊन १९६६ ला पहिल्या पाचांत पोचले, तरी दौरे सोडून त्यांनी कॉलेजला प्राधान्य दिलं. आपल्याकडच्या कुठल्याही आईबापाने हेच सांगितलं असतं.

तुमचा शेवटचा टोला मात्र बराचसा वर्मी बसतो. दुर्मीळ रेकॉर्डी जमवणाऱ्यांत माज असतो, आहेच. ‘याच्या जगात तीनच प्रती आहेत’ हे वाक्य गाण्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि तरी बोलणाऱ्याचे डोळे चमकतात. पण उकिरडे धुंडाळणारी ही माणसं नसती तर ऐकायला काय उरलं असतं? १९७२ ला लेनी के याने इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘नगेट्स’ हा सत्तावीस गाण्यांचा जोडसंच काढला. पुढे १९८३ पासून टिम वॉरनने क्रिप्ट लेबलवर ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’ ही मालिका काढली, तिच्यात याहून कच्ची, याहून अनोळखी गाणी. ‘नगेट्स’मधली बरीच गाणी मुळात हिट होती, एवढं लक्षात असू द्या. अज्ञातपणाचं वेड नंतर चढलं.

या वेडाचं मला न पटणारं टोक म्हणजे द शॅग्ज. न्यू हॅम्पशरमधल्या फ्रीमाँट गावातल्या विगिन बहिणी. बापाने शाळा सोडवली, रोज रियाझाला बसवलं, आणि १९६९ मध्ये स्टुडिओत नेलं. अजून तयारी नाही, असं तिथल्या लोकांचं मत पडलं, पण बाप ऐकेना. निघालेल्या अल्बममध्ये गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे, गाणं तिसरीकडे. १९७५ ला बाप वारला आणि बँड तिथेच थांबला. पुढे जाणकारांनी या अल्बमला प्रतिभेचा आविष्कार ठरवलं. मला त्या मुलींची हौस ऐकू येत नाही, सक्ती ऐकू येते. सॉनिक्सना आपला तो फाटका आवाज हवा होता. या मुलींना काय हवं होतं, ते कुणी विचारलंच नाही. इथे तुमच्या रागाच्या बाजूने मीही उभा राहीन.

राहता राहिलं ‘मराठी वाचकाला याचं काय’. तर सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी इम्पीरियल टोबॅकोने आपल्याकडे ‘सिमला बीट’ नावाची बँडस्पर्धा भरवली होती. तिच्यातून निघालेल्या १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्डींवर मद्रासपासून शिलाँगपर्यंतचे तरुण बँड आहेत. शिलाँगचे फेंटोन्स ऐका. ध्वनिमुद्रण यथातथाच, उत्साह मात्र अमेरिकन पोरांच्या तोडीस तोड. परदेशातले संग्राहक त्या रेकॉर्डींच्या मागे हात धुवून लागलेत, आणि आपल्याला नावही ठाऊक नाही.

तुम्हाला एकच विनंती. ‘द विच’ लावा, जुनं मोनो (स्टिरिओ नसलेलं) ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच, आणि गायकाकडे साफ दुर्लक्ष करून फक्त बेनेटचे हात ऐका. नंतर शिव्या द्यायच्या तर जरूर द्या, पण ठेक्याबद्दल काय वाटलं ते तेवढं लिहा.